शोधनिबंधात न मावलेले आभार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपला शोधनिबंध नियतकालिकाकडे रवाना झाला. तो पाठवताना एक फॉर्म भरावा लागतो. कोणत्या लेखकाने नेमकं काय केलं, ते १४ ठरलेल्या भूमिकांमधून निवडायचं असतं: संकल्पना, पद्धती, माहिती गोळा करणं, विश्लेषण, निधी मिळवणं, देखरेख, पहिला मसुदा, दुरुस्त्या वगैरे. बरीच नियतकालिकं आता हीच यादी वापरतात. एकेकाच्या नावापुढे खुणा करत गेले आणि तुमच्या नावाशी येऊन हात थांबला. त्या १४ भूमिकांत दुभाषीचं काम कुठेच नाही. भाषांतरही नाही. शेवटी मी 'पद्धती'पुढे खूण केली. ती खोटी नाही, कारण आमची पद्धत तुम्हीच बदललीत. पण ती एवढीशी खूण पाहून कुणाला काय कळणार? म्हणून हे पत्र. तुम्हाला एकटीला लिहिता आलं असतं. पण स्त्रिया आणि बदलती शहरं या विषयावर देशोदेशींच्या लोकांना जोडून काम करू पाहणाऱ्यांनी हे वाचावं असं फार वाटलं, म्हणून जाहीर लिहिते आहे. पत्रात नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, तेवढं पाळलं आहे.

आधी सुरुवातीचं सांगते, कारण तो भाग तुम्ही पाहिलेला नाही. निधीसाठी अर्ज मागवले गेले तेव्हा हातात जेमतेम सहा आठवडे होते. तीन देशांतले गट एकत्र यायला हवेत, अशी अट होती. विषय आम्हाला पक्का माहीत होता: वस्ती हलते, बसचे मार्ग बदलतात, काम दूर जातं, तेव्हा बायकांच्या येण्याजाण्याचं काय होतं. भागीदार मात्र आम्ही कसे निवडले? ज्यांच्याकडून इंग्रजीत चटकन आणि नेटकं उत्तर आलं, त्यांना घेतलं. तेव्हा यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही. अर्जात 'समान भागीदारी' हे शब्द तीनदा होते. आणि दुभाषीचा खर्च 'इतर किरकोळ' या शीर्षकाखाली, फोटोकॉपी आणि टपालाच्या शेजारी.

मग तुमचा पहिला मेल आला. त्यात दोन मागण्या होत्या. बैठकीची सगळी कागदपत्रं दहा दिवस आधी मिळावीत. आणि दुभाषी दोघी असाव्यात, कारण ऐकता ऐकता बोलण्याचं हे काम एका माणसाला सलग अर्ध्या तासाच्या वर नीट होत नाही. पुढे चुका सुरू होतात आणि त्या चुका करणाऱ्याला स्वतःला कळतही नाहीत. हे वाचून मी अंदाजपत्रक उघडून बसले होते, थोडी वैतागलेच होते. शेवटी एक ओळ होती: "इंग्रजी येत नाही म्हणून या बैठकीला कोण येणार नाही, तेवढं कळवाल का? म्हणजे मला तयारी करता येईल."

ताई, ती ओळ तुम्ही टोमणा म्हणून लिहिली नव्हती, हे आता मला ठाऊक आहे. तुम्हाला खरंच यादी हवी होती. मी ती करायला बसले आणि लक्षात आलं की ज्या बायकांनी वर्षानुवर्षं स्वतः फिरून आपल्या वस्तीतले बसथांबे, अंधाऱ्या वाटा, उंच फूटपाथ यांची नोंद ठेवली होती, त्या आमच्या यादीत नव्हत्याच. त्यांच्या वतीने एक प्राध्यापक येणार होते. सज्जन, अभ्यासू माणूस, इंग्रजी उत्तम. पण वही त्या बायकांची होती. आम्ही बैठक पाच आठवडे पुढे ढकलली आणि त्यांच्यातल्या चौघींना बोलावलं. निधी देणाऱ्यांना याचं कारण पटवताना मला घाम फुटला, पण त्या पाच आठवड्यांत जे बदललं ते पुढच्या दोन वर्षांत कशानेही बदललं नसतं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यातल्या एकीला प्रश्न विचारला, म्हणजे खरं तर तुम्हाला विचारला: "त्यांना विचारा, त्या रोज किती वाजता निघतात." तुम्ही हळूच म्हणालात, "माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघून विचारा. मी इथे नाहीच असं समजा." मी मान वळवली. त्या बोलू लागल्या आणि माझ्या कानात तुमचा आवाज आला: "मी पावणेपाचला उठते." 'त्या म्हणतात की त्या उठतात' असं नाही. 'मी'. दुभाषीने समोरच्याचा 'मी' तसाच उचलायचा, हा या पेशाचा नियम आहे हे मला माहीत नव्हतं. आम्ही संशोधक लोकांचं बोलणं कायम 'उत्तरदात्यांच्या मते' करून टाकतो. दिवसभर तुमच्या तोंडून तो 'मी' ऐकत राहिल्यावर माझ्या टिपणवहीतली वाक्यं आपोआप बदलली.

आता त्या दुसऱ्या दिवसाबद्दल लिहायचं आहे, ज्यासाठी खरं तर हे पत्र.

आपल्या प्रश्नावलीचे दोन वेगळे भाग होते. एक, काळजीचा प्रवास. दुसरा, सुरक्षितता. हे असं वेगळं का होतं, त्याला इतिहास आहे. प्रवासाच्या जुन्या पाहण्यांमध्ये 'कामाला जाणं' हा एक मोठा रकाना असतो. मुलाला शाळेत सोडणं, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, घरचं सामान आणणं हे मात्र चार-पाच छोट्या रकान्यांत विखुरलेलं असतं, काही तर 'इतर'मध्ये. स्पेनच्या नगररचनाकार इनेस सांचेझ दे मादारियागा यांनी हे तुकडे एकत्र केले, त्याला 'काळजीचा प्रवास' म्हटलं आणि दाखवून दिलं की एकत्र मोजला तर हा प्रवास कामाला जाण्याच्या प्रवासाच्या जवळ जाऊन पोहोचतो. सुरक्षिततेचा धागा वेगळीकडून आला. १९८९ साली टोरांटोत बायकांनी आपल्या भागात फिरून, कुठे दिवा नाही, कुठून हाक मारली तर ऐकू जाणार नाही, हे टिपून घेण्याची एक पद्धत बसवली; पुढे ती कितीतरी शहरांनी उचलली. हे दोन्ही धागे आम्ही आदराने वाचले होते. आणि दोन वेगळ्या धाग्यांसारखेच ते प्रश्नावलीत ठेवले होते.

दुपारी त्या बाई सांगत होत्या की घरी परतताना त्या एक थांबा आधीच उतरतात आणि जास्त चालतात. बरंच बोलल्या. तुमचा आवाज चालू होता आणि मध्येच थांबला. मग तुम्ही म्हणालात, "दुभाषीला एक मिनिट हवं आहे." स्वतःविषयी बोलताना तुम्ही 'दुभाषी' म्हणता, कारण 'मी' त्या वेळी त्या बाईंचा असतो. सगळे तुमच्याकडे बघू लागले. तुम्ही जे सांगितलंत ते मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवलं. "या एका उत्तरात 'कुइदादो' हा स्पॅनिश शब्द चारदा आला. दोनदा दुभाषीने तो 'काळजी घेणं' असा सांगितला, दोनदा 'जपून राहणं' असा. त्यांनी शब्द बदललेला नाही. निवड दुभाषीने केली. ती दुभाषीने केली, हे तुम्हाला माहीत असायला हवं."

आणि मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू जाईल असं, मराठीत: "आपल्या काळजीसारखंच आहे. घेते की करते, ते क्रियापद सांगतं."

माझ्या अंगावर काटा आला, खरंच सांगते. काळजी घेणं आणि काळजी वाटणं, दोन्हीला आपल्याकडे एकच नाम आहे. हे मला जन्मापासून ठाऊक होतं आणि तरी इंग्रजीत प्रश्नावली लिहिताना मी त्याचे दोन तुकडे केले होते. त्या बाईंच्या बोलण्यात तुकडे नव्हतेच. त्या एक थांबा आधी उतरतात कारण तिथून पुढची वाट उजेडाची आहे. त्यांना ती उजेडाची वाट हवी असते कारण बरोबर सात वर्षांची मुलगी असते. मुलगी बरोबर असते कारण शाळा सुटल्यावर तिला सांभाळायला घरी कुणी नाही. चालायला वेळ जास्त लागतो म्हणून त्या कामावरून लवकर निघतात, आणि लवकर निघतात म्हणून पगार कापला जातो. आमच्या कागदावर यातलं अर्धं पान तीनवर होतं आणि अर्धं पान नऊवर. त्यांना जोडणारी एकही रेघ नव्हती.

त्या रात्री आम्ही प्रश्नावली फोडली. दोन भागांचा एक भाग झाला आणि प्रत्येक फेरीसाठी एक नवा प्रश्न आला: या वाटेवर कुणाची काळजी घ्यायची होती, आणि कशाची काळजी वाटत होती? तिन्ही भाषांत तो वेगवेगळ्या शब्दांत आहे. एकातून दुसरीत उतरवलेला नाही, तिन्हीकडे वेगळा बसून लिहिलेला आहे. आज निबंधाचा गाभा हाच प्रश्न आहे.

यावरून आठवलं. कोलंबियातल्या बोगोता शहराने २०२० पासून काळजीच्या सेवांचे एकत्र ठोकळे उभे केले आहेत: चालत जाता येईल अशा एकाच परिसरात मुलांना सांभाळण्याची सोय, कपडे धुण्याची सोय आणि काळजी घेणाऱ्या बाईला स्वतःचं शिक्षण पुरं करण्याची, वकिलाशी किंवा समुपदेशकाशी बोलण्याची सोय. त्यांच्या नावात हाच शब्द आहे, 'मान्सानास देल कुइदादो', म्हणजे काळजीचे ठोकळे. आम्ही त्याचा उल्लेख पूर्वी 'सेवाकेंद्रं' असा करत होतो. तुम्ही म्हणालात, नाव गेलं की अर्धी कल्पना जाते. आता आम्ही नाव तसंच ठेवतो.

शब्दांची ती मोठी तक्तावही तिथूनच सुरू झाली. जेंडर या शब्दाने आमची अख्खी एक सकाळ खाल्ली. मराठीत 'लिंगभाव' घडवावा लागला. जर्मनमध्ये 'गेश्लेष्ट' हा एकच शब्द शरीराचं लिंग आणि समाजाने घडवलेला लिंगभाव या दोन्हीला चालतो, म्हणून ते लोक इंग्रजी शब्द उसना घेतात. चिनीत 'सामाजिक लिंग' अशा अर्थाची जोडणी करतात. आमच्यातल्या एका तरुण सहकाऱ्याला हा सगळा काथ्याकूट वाटत होता. तेव्हा तुम्ही १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेची गोष्ट सांगितलीत. मसुद्यात तो शब्दच वादाचा म्हणून कंसात अडकला होता, त्यावर वेगळा गट बसवावा लागला आणि परिषदेच्या अहवालाला त्या एका शब्दावरचं निवेदन जोडावं लागलं. देशोदेशींची सरकारं एका शब्दापाशी अडली असतील, तर आपल्या गटांनी एक सकाळ दिली यात जास्त काही नाही, एवढंच तुम्ही म्हणालात. तो सहकारी आता ती तक्तावही सांभाळतो. तिला चौथा रकाना त्यानेच जोडला: 'कुठे अडतं'.

'काम' हा शब्दही त्या रकान्यात आहे. कितीजणी म्हणाल्या, "मी काम करत नाही," आणि मग पहाटेपासून रात्रीपर्यंतची यादी सांगितली. तुम्ही ते वाक्य तसंच सांगायचात, सुधारायचा नाहीत. मला ते सुधारावंसं वाटायचं, कारण २०१३ साली जगभरच्या श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या परिषदेने घरातलं बिनपगारी कामही 'काम'च मानलं, हे मला माहीत होतं. ६४ देशांच्या पाहण्यांवरून आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये दिलेला आकडाही तोंडपाठ होता: दिवसाला १६.४ अब्ज तास, आणि त्यात बायकांचा वाटा तीन चतुर्थांशाहून जास्त. पण त्या बाईंनी स्वतःविषयी 'काम करत नाही' म्हणणं हीच तर माहिती होती. तुम्ही ती जपलीत.

बैठकांच्या वेळेचं थोडक्यात. काळजीच्या कामावर संशोधन करणारे आम्ही, ऑनलाइन बैठक ठेवायचो ती एका देशात नेमकी मुलांना झोपवायच्या वेळी. तिथल्या सहकारी कॅमेरा बंद करून बसायच्या, बोलायच्या नाहीत, आणि आम्ही समजायचो की त्यांना रस कमी आहे. बैठकीत कानावर पडलेलं बाहेर सांगायचं नाही या नियमाला तुम्ही पक्क्या; त्यामुळे त्यांच्या बाजूने काय ऐकू येतं हे तुम्ही कधी बोलला नाहीत. फक्त एकदा विचारलंत, वेळ आळीपाळीने बदलता येईल का. तेव्हापासून गैरसोयीची वेळ दर खेपेला एकेका देशाच्या वाट्याला जाते.

करारनामाही तुमच्यामुळे बदलला. आधीच्या मसुद्यात सगळ्या मुलाखती इंग्रजीत उतरवून एका ठिकाणी जमा होणार होत्या. मूळ ध्वनिमुद्रणाचं काय, यावर एक अक्षर नव्हतं. तुम्ही म्हणालात, भाषांतर तपासायचं झालं तर कशाशी ताडून बघणार? आता मूळ मुद्रणं त्या त्या देशातच राहतात, मूळ वाक्य आणि भाषांतर शेजारी शेजारी ठेवलं जातं आणि तिकडच्या बायकांच्या संघटनेला विचारल्याशिवाय कुणी ते वापरू शकत नाही. कमी साधनांच्या ठिकाणी संशोधन कसं करावं यासाठीची एक जागतिक आचारसंहिता २०१८ साली तयार झाली. प्रश्न स्थानिक भागीदारांसोबत ठरवावा, निष्कर्ष लोकांना कळतील अशा रीतीने परत न्यावेत, असं तिच्यात आहे. मी ती अर्जात मोठ्या हौसेने जोडली होती. तिची चार मूल्यं आहेत: न्याय, आदर, काळजी, प्रामाणिकपणा. 'काळजी' तिथेही आहे, ताई. हे मला तुमच्या त्या एका मिनिटानंतर दिसलं.

आणि निष्कर्ष परत नेले तो दिवस. सभागृहात साठेक बायका होत्या. आम्ही त्यांचीच वाक्यं वाचून दाखवत होतो. एकीने हात वर केला. तिचं वाक्य अहवालात 'मुलगी परत येईपर्यंत मला भीती वाटते' असं होतं. ती म्हणाली, मी भिते असं म्हटलंच नव्हतं. मी 'पेन्दिएन्ते' असते असं म्हटलं होतं. खोलीत गडबड झाली. तुम्ही मायक्रोफोन घेतलात आणि आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत म्हणालात, "ही चूक दुभाषीची आहे. शब्दाचा अर्थ भीती नाही. लक्ष तिकडे लागून राहिलेलं असणं, असा आहे." ती बाई समाधानाने खाली बसली. नंतर तुम्ही मला सांगितलंत की तो शब्द मुळात लटकत असण्यावरून आला आहे, आणि मला आपलं 'जीव टांगणीला लागणं' आठवलं. तेही नेमकं बसत नाही म्हणालात. त्यात घालमेल जास्त आहे, आणि ती बाई शांत होती, लक्ष ठेवून होती. भीती म्हटलं की शहर तिला संरक्षण द्यायला धावतं. ती लक्ष ठेवून असते असं म्हटलं की ते एक काम होतं, रोज दोन-तीन तासांचं, जे ती एकटी करते. अहवालातलं ते पान आम्ही पुन्हा लिहिलं.

एवढ्या सगळ्यांसमोर, माइकवर, कुणी न मागता आपली चूक सांगणारी व्यक्ती मी आमच्या क्षेत्रात फारशी पाहिलेली नाही. त्यानंतर मीही पुढच्या बैठकीत भागीदार निवडीची ती इंग्रजीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सोपं नव्हतं. पण त्यानंतरच दुसऱ्या गटाच्या सहकाऱ्यांनी त्यांना खटकणाऱ्या चार गोष्टी पहिल्यांदा मोकळेपणाने मांडल्या, आणि माझ्या मते आपली भागीदारी खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली, अर्जावर सह्या झाल्यावर जवळजवळ वर्षाने.

ताई, मनापासून आभार. त्या एका मिनिटाबद्दल, त्या यादीबद्दल, त्या 'मी'बद्दल.

दुसऱ्या टप्प्याला मान्यता मिळाली आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. यावेळी अंदाजपत्रकात दुभाषींची स्वतंत्र ओळ आहे, पहिल्या पानावर, आणि ती दोघींसाठी आहे. नव्या प्रश्नावलीचा आराखडा ठरवायच्या बैठकीलाच तुम्ही दोघींनी यावं, नंतर नाही, असं सगळ्या गटांनी मिळून ठरवलं आहे. तक्तावहीही सोबत पाठवते. 'कुठे अडतं' हा रकाना शेवटच्या ११ शब्दांपुढे मोकळा ठेवला आहे, तो तुम्ही भरा. बैठक २० तारखेला आहे. कागदपत्रं १० तारखेला तुमच्या हातात असतील.

तुमची,
प्रकल्पातली ती, जी पहिल्या दिवशी तुमच्याकडे बघून प्रश्न विचारत होती